त्या डोंगरांवर आता झाडं आहेत का?

तात्यांच्या लोखंडी ट्रंकेत सगळ्यात तळाशी एक पदक होतं. फितीवर कोरियाची बारीकशी पट्टी. तात्या म्हणजे माझे आजोबा. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून ते फौजेत गेले आणि पेन्शनीत आल्यावर पुन्हा मोटेमागं उभे राहिले. लहानपणी मी ते पदक हातात घेऊन विचारायचो, “तात्या, कोरिया कुठं हाय?” त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “लांब. लई थंडीचा मुलूख. अन् डोंगर आपल्यावानी उघडे.”

आमच्याकडचे डोंगर तेव्हा खरंच उघडे होते. पाऊस पडला की माती वाहून ओढ्याला जायची, आणि दिवाळीनंतर विहिरीत पोहऱ्याला खडक लागायचा. म्हणून माझ्या मनातला कोरिया कित्येक वर्षं पारनेरसारखाच होता, फक्त थंड. त्या देशाचं माझ्यावर पुढं किती देणं चढणार आहे, याची तेव्हा कल्पनाही नव्हती.

तात्या कोरियाला गेले ते 1953 साली. कोरियाचं युद्ध 25 जून 1950 रोजी सुरू झालं आणि 27 जुलै 1953 रोजी पानमुनजॉमला शस्त्रसंधी झाली. शांततेचा करार मात्र आजतागायत झालेला नाही. हजारो युद्धकैदी असे होते की त्यांना मायदेशी परत जायचंच नव्हतं. त्यांना सांभाळायचं कोणी? हे काम भारताकडे आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारताची ही भूमिका मंजूर नव्हती. भारतीय शिपायानं आपल्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून जहाजं इंचॉनच्या बंदरात लागली तरी आपली माणसं किनाऱ्यावर उतरली नाहीत. हेलिकॉप्टरनं त्यांना थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. तिथं जी छावणी उभी राहिली तिचं नाव ठेवलं ‘हिंद नगर’. तात्या सांगत, “नगरातनं निघालो अन् नगरातच उतरलो.”

बावीस हजारांवर कैदी, चिनी आणि कोरियन. एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. थोरातसाहेब मोजके अधिकारी घेऊन स्वतः आत शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. हा प्रसंग सांगताना तात्यांचा आवाज बदलायचा. पण ते जास्त बोलत कैद्यांबद्दल. वीस-बावीस वर्षांची पोरं, घर कुठल्या बाजूला राहिलं याचा पत्ता नाही. 1954 च्या फेब्रुवारीत आपलं दल परत निघालं तेव्हा 88 कैदी दोन्ही बाजू नाकारून आपल्याच जहाजातून भारतात आले. त्यांतले 76 कोरियन होते. “त्यातला एकजण रेलिंगला धरून मागं बघत उभा होता,” तात्या म्हणत. “डोंगर दिसंनासा होस्तोवर.”

वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तात्यांच्या पेन्शनीवर आणि आजीच्या दोन म्हशींवर माझं शिक्षण झालं. नगरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला आणि 2006 साली रांजणगावच्या एमआयडीसीत लागलो. घोड नदीवरचा शिरूरचा पूल ओलांडला की नगर जिल्हा मागं पडतो आणि थोड्याच वेळात अष्टविनायकातल्या महागणपतीचं रांजणगाव येतं. तिथं एलजीचा मोठा कारखाना आहे. त्याच्या आगेमागे पारनेर, श्रीगोंदा, शिरूरची हजारो पोरं त्या पट्ट्यात कामाला लागली. माझा कारखाना लहान होता, प्लास्टिकचे भाग ओतणारा. मालक कोरियन आणि उत्पादन बघणारे साहेबही कोरियन.

या साहेबांना सगळे ‘ग्वाजांगनिम’ म्हणत. ग्वाजांग हा हुद्दा, विभागप्रमुखाचा. आणि ‘निम’ म्हणजे आपल्या ‘साहेब’, ‘राव’ यांसारखा आदराचा प्रत्यय. कोरियात वडीलधाऱ्याला कोणी नावानं हाक मारत नाही. सात वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांचं नाव मी एकदाही तोंडानं उच्चारलं नाही. इथंही लिहीत नाही. तोच त्यांच्या रीतीचा मान आहे.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारच्या सुट्टीत मी मशिनपाशी उभा होतो. ते जवळ आले आणि म्हणाले, “बाप मॉगॉस्सॉ?” मला त्यातला एकच शब्द कळला, बाप. वाटलं, वडिलांची चौकशी करताहेत. मी मान खाली घालून इंग्रजीत सांगितलं की वडील नाहीत. त्यांना काही उमगेना. मग दुभाष्या मुलीनं उलगडा केला. बाप म्हणजे भात. भात खाल्लास का, म्हणजेच जेवलास का? कोरियात माणूस माणसाला भेटला की हेच विचारतो, असं ती म्हणाली. उपासमारीची वर्षं ज्यांनी पाहिली त्यांची ही विचारपूस. आमच्या घरी आजीसुद्धा दारात पाऊल टाकलं की दुसरं काही विचारत नसे. ग्वाजांगनिमना माझं उत्तर समजलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले आणि आपल्या समोर बसवलं. त्या दिवसापासून ते भारतात होते तोवर, एका शिफ्टला असलो की आम्ही एकाच टेबलावर जेवलो.

ते माणूस म्हणून मऊ होते असं नाही. ‘पाल्ली पाल्ली’, म्हणजे लवकर लवकर, हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर यायचा. 2007 च्या पावसाळ्यात रात्रपाळीला माझ्याकडून मोठी चूक झाली. प्लास्टिकचा दाणा मशिनमध्ये घालण्याआधी ड्रायरमध्ये तापवून सुकवावा लागतो. ओलावा राहिला तर मालावर चंदेरी रेघा उमटतात. त्या रात्री दाणा बदलताना मी ड्रायर बंद केला आणि परत चालू करायचा विसरलो. पहाटेपर्यंत निघालेल्या मालात चांगला-वाईट सगळा मिसळून गेला. सकाळी मी स्वतः जाऊन सांगितलं. ग्वाजांगनिम सगळ्यांसमोर मला असे बोलले की कान तापले. वाटलं, नोकरी गेली.

संध्याकाळी ते परत आले. बाह्या दुमडल्या, क्रेट उलटा टाकून त्यावर बसले आणि एकेक नग ट्यूबलाइटखाली धरून निवडायला लागले. मी शेजारी. रात्रीच्या तीन वाजता त्यांनी आपल्या खोलीतून आणलेल्या शेवया उकळत्या पाण्यात भिजवल्या आणि वाटी दोन्ही हातांनी माझ्यापुढं केली. मोठ्या माणसाला काही देताघेताना दोन्ही हात लावायचे, ही त्यांची रीत मला ठाऊक होती. पण इथं मोठा माणूस लहानाला दोन्ही हातांनी देत होता. म्हणाले, “ड्रायर बंद होता हे तू सांगितलंस. कोणी विचारायच्या आधी सांगितलंस. ते मी लक्षात ठेवलंय.” निवडून झालं तेव्हा उजाडत होतं.

पुढं त्यांनीच मला एक कोरियन शब्द शिकवला, ‘जॉङ’. एकत्र खाल्ल्यानं, एकत्र राबल्यानं, हळूहळू माणसामाणसांत जे मुरतं ते जॉङ. भांडणातूनही ते मुरतं. रागाचं जॉङ आणि मायेचं जॉङ, अशी जोडीच त्यांच्या भाषेत आहे. मी म्हणालो, आमच्याकडं याला ऋणानुबंध म्हणतात. त्यांनी तो शब्द रिजेक्शनच्या टॅगमागं आपल्या लिपीत लिहून घेतला.

ती लिपी, हांगुल, त्यांनी मला अशाच टॅगांवर शिकवली. राजा सेजोंगनं 1446 साली ती प्रजेला दिली. तोवर लिहिणं-वाचणं म्हणजे चिनी चित्राक्षरं, आणि ती शिकायला सवड फक्त वरच्या वर्गाला. राजानं म्हटलं, साध्या माणसाला आपलं म्हणणं लिहिता आलं पाहिजे. आज तिच्यात 24 अक्षरं आहेत आणि त्यांतल्या मूळ व्यंजनांचे आकार तोंडातल्या अवयवांच्या ठेवणीवरून घेतलेले. ‘म’ मिटल्या तोंडासारखा चौकोनी, ‘न’ म्हणजे वरच्या बाजूला टेकलेली जीभ. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, आणि समोरचा लहान की थोर हे त्या क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं. वडिलांना ते ‘आप्पा’ म्हणतात. पारनेरच्या माणसाला ही भाषा परकी वाटणं अवघड आहे.

2008 च्या नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी ते पहाटेच खोलीबाहेर येऊन उभे होते. त्यांच्या एकुलत्या मुलाची त्या दिवशी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा होती. त्या दिवशी कोरियात कचेऱ्या उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीवर बसवून केंद्रावर पोचवतात, आणि इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणं थांबवतात. बारा वर्षांचा अभ्यास, शाळेनंतर रात्री उशिरापर्यंतचे खासगी क्लास, सगळं त्या एका दिवसावर लागलेलं. “मी त्याच्या जवळ नाही,” ते म्हणाले. “मला तुमच्या देवळात ने.” मी त्यांना महागणपतीला नेलं. ते हात जोडून किती वेळ उभे होते कोण जाणे. बाहेर आल्यावर म्हणाले, “आम्ही देश घाईत उभा केला. त्या घाईचं ओझं आता पोरांच्या पाठीवर आहे.” प्रगत देशांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण सर्वांत जास्त कोरियात आहे हे मी नंतर वाचलं, तेव्हा मला देवळाच्या पायरीवरचा त्यांचा चेहरा आठवला.

तात्यांबद्दल मी त्यांना सांगितलं ते 2009 साली, तेही ओघात. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. पुढच्याच रविवारी ते आमच्या गावी आले. अंगात कोट. दारात बूट काढले, आणि ओट्यावर बसलेल्या तात्यांपुढं गुडघे टेकून, दोन्ही तळहात जमिनीला लावून, कपाळ टेकेपर्यंत वाकले. आजी गडबडली. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी हात पुढं करून त्यांना उठवलं आणि शेजारी बसवलं.

आजीनं मासवडी केली होती, बाजरीची भाकरी आणि ठेचा. ग्वाजांगनिमनी ठेचा चाखला आणि डोळे मिटले. म्हणाले, “माझ्या आईची किमची अशीच बोलते.” जेवण झाल्यावर तात्यांनी एकच प्रश्न विचारला. मी भाषांतर केलं.

“त्या डोंगरांवर आता झाडं हायेत का?”

ग्वाजांगनिम बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “यांना सांग, याचं उत्तर तोंडी द्यायचं नाही. तू स्वतः बघून येशील आणि सांगशील.”

दोन वर्षांनी त्यांनी शब्द खरा केला. मालकांशी भांडून त्यांनी माझं नाव प्रशिक्षणाच्या यादीत घातलं, आणि 2011 च्या ऑगस्टअखेर मी चांगवॉनला गेलो. दक्षिणेतलं हे कारखान्यांचं शहर. तिथं बसल्या बसल्या मी हिशेब केला. आपले सहा नगर जिल्हे एकत्र केले की दक्षिण कोरिया होतो, एक लाख चौरस किलोमीटर. त्यातही सत्तर टक्के डोंगर. माणसं पाच कोटी, आणि त्यातली निम्मी सोल आणि त्याच्या भोवताली. जमिनीत तेल नाही, लोखंड जेमतेम. 1910 ते 1945 जपानची गुलामी. सुटका झाली तो दिवस 15 ऑगस्ट, आपल्यासारखाच. लगेच देशाचे दोन तुकडे, मग युद्ध. 1953 साली दरडोई उत्पन्न 67 डॉलर होतं. आज ते 35,000 च्या पुढं आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये काय घडलं, ते मला ग्वाजांगनिमच्या आईनं दाखवलं.

12 सप्टेंबरला चुसॉक होता, त्यांचा सुगीचा सण. चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची ही पौर्णिमा. कधी ती आपल्या भाद्रपदात येते, कधी कोजागिरीला. त्या वर्षी भाद्रपद पौर्णिमा होती. घरी पितृपक्ष लागत होता आणि इथं सगळा देश पूर्वजांना जेवू घालायला आपापल्या गावी निघाला होता. ग्वाजांगनिम रजेवर आले होते. ते मला डोंगरातल्या आपल्या गावी घेऊन गेले. पहाटे पाटावर नव्या तांदळाचा भात, फळं, मासे मांडले होते. चार पिढ्यांपर्यंतच्या वाडवडिलांना नमस्कार घातले गेले. पाइनच्या सुयांवर वाफवलेल्या तांदळाच्या करंज्या होत्या, आत तिळाचं सारण. मग कबरीवरचं गवत काढलेलं होतं ते दाखवायला डोंगरावर नेलं. अंगणात मातीचे मोठमोठे रांजण ओळीनं उभे होते. कशात सोयाबीनची आंबवलेली पेस्ट, कशात तिखट, कशात किमची. मला निघोजच्या कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आठवले.

ग्वाजांगनिमची आई, म्हणजे आजीबाई, पंचाहत्तर वर्षांच्या. मुलाच्या तोंडून त्यांनी तात्यांची गोष्ट ऐकली होती. माझा हात हातात घेऊन त्या बोलत होत्या आणि ग्वाजांगनिम सांगत होते. 1950 साली त्या चौदा वर्षांच्या होत्या. आघाडी नाकडोंग नदीपर्यंत येऊन ठेपली तेव्हा पाठीवर धाकटा भाऊ घेऊन त्या चालत निघाल्या. परत आल्या तेव्हा गाव जळलेलं. डोंगर उघडे पडले होते, कारण हिवाळ्यात घराच्या जमिनीखालून ऊब खेळवायला लाकूड लागे, आणि लोकांकडं दुसरं सरपण नव्हतं. पाऊस आला की माती खाली येऊन भातखाचरं बुजायची.

1970 च्या हिवाळ्यात सरकारनं देशातल्या तेहेतीस हजारांवर गावांना सिमेंट वाटलं, प्रत्येक गावाला 335 पोती. काय करायचं ते गावानं ठरवायचं. अट एवढीच, की ते सगळ्यांच्या उपयोगाचं हवं. आजीबाईंच्या गावानं गल्ली रुंद केली. त्यासाठी लोकांनी आपापल्या कुंपणाची जागा सोडली. ज्या गावांनी चांगलं काम केलं त्यांना पुढल्या वर्षी आणखी सिमेंट आणि लोखंडही मिळालं. ही ‘सेमाउल’, म्हणजे नव्या गावाची चळवळ. मेहनत, स्वावलंबन आणि सहकार्य ही तिची त्रिसूत्री. 1973 पासून वनीकरणाच्या दहा-दहा वर्षांच्या योजना आल्या. बायांनी टोपल्यांतून रोपं डोंगरावर नेली. आजीबाईंनी बोटानं दाखवलं: तो उतार आमचा. मी वर पाहिलं. डोंगर नजर पोचेल तिथपर्यंत हिरवागार होता.

मी त्यांना राळेगणची गोष्ट सांगितली. 1975 साली फौजेतून परतलेल्या अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिरापासून सुरुवात केली, मग नाले अडवले, चर खोदले. हिवरे बाजारची सांगितली. पोपटराव पवारांच्या बरोबरीनं गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, श्रमदान केलं आणि पाण्याचा ताळेबंद मांडला. आजीबाईंनी विचारलं, “तुम्हाला पोती कोणी दिली?” मी म्हणालो, “आधी गावानं हात दिले.” त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.

परतीच्या वाटेवर ग्वाजांगनिम म्हणाले, “आईनं तुला अर्धं सांगितलं.” ज्या राजवटीनं पोती वाटली तीच राजवट विरोधात बोलणाऱ्याला तुरुंगात टाकत होती. 1980 च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात लोकशाही मागणाऱ्या माणसांवर सैन्यानं गोळ्या झाडल्या. ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. “आम्हाला कळत होतं आणि आम्ही गप्प बसलो.” 1987 च्या जूनमध्ये मात्र देश रस्त्यावर आला आणि थेट निवडणूक मिळवली. त्या उन्हाळ्यात चांगवॉनच्या कामगारांनी संप केले, त्यात ते होते. पुढं 1997 चं आर्थिक संकट आलं, देशाला नाणेनिधीपुढं हात पसरावा लागला. तेव्हा लोकांनी घरातलं सोनं काढून दिलं. पस्तीस लाखांच्या आसपास माणसं, 227 टन सोनं. कोरियात मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला आप्तेष्ट सोन्याची अंगठी देतात. त्यांनी मुलाच्या त्या अंगठ्या दिल्या, आजीबाईंनी लग्नातली. सोनं मोडताना बाईचा जीव कसा तुटतो हे आमच्या घरात मी पाहिलेलं आहे. माझ्या डिप्लोमासाठी आजीची बोरमाळ गेली होती. त्यामुळं तो 227 टनांचा आकडा मला सराफाच्या काट्यावर दिसला नाही. मला बाया दिसल्या, रांगेत उभ्या असलेल्या.

निघायच्या आधीच्या रविवारी ते मला उत्तरेला इमजिनगाकला घेऊन गेले, सीमेच्या अलीकडं, जिथवर कोणालाही जाता येतं तिथवर. तारेच्या कुंपणाला हजारो फिती बांधलेल्या. पलीकडं राहिलेल्या भावाबहिणींसाठी लिहिलेल्या. अलीकडचे डोंगर गर्द. दुर्बिणीतून पलीकडचे पाहिले, ते कितीतरी उघडे. त्याच बाजूला कुठंतरी हिंद नगर होतं. तात्या एकदाही ज्या भूमीवर उतरू शकले नाहीत, तिथं त्यांचा नातू त्याच देशाच्या माणसाच्या खर्चानं, त्याच्या शेजारी उभा होता. मी डोंगरांचा फोटो काढला.

घरी आल्यावर तो मोठा छापून तात्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडं धरला आणि बोटानं झाडं चाचपावीत तसं केलं. मग म्हणाले, “म्हंजे त्यांचंबी राळेगण झालं म्हण की.” तो फोटो त्यांनी ट्रंकेत पदकाच्या शेजारी ठेवला. 2014 साली ते गेले तेव्हाही तो तिथंच होता.

ग्वाजांगनिम 2013 मध्ये मायदेशी परतले आणि निवृत्त होऊन गावी राहायला गेले. आजीबाई आता नाहीत. आमचं बोलणं फोनवर होतं. 2024 च्या 3 डिसेंबरला संध्याकाळी बातमी आली की कोरियाच्या अध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला. मी घाबरून फोन लावला. ते टीव्हीसमोर होते. संसदेचे सदस्य भिंती चढून आत जात होते, लोक सैनिकांपुढं उभे राहत होते. आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजायच्या सुमारास संसदेनं तो हुकूम फेटाळला. त्यांनी परत फोन केला आणि एवढंच म्हणाले, “या वेळी कोणी गप्प बसलं नाही.” त्याच वर्षी ग्वांगजूत जन्मलेल्या हान कांग यांना साहित्याचं नोबेल मिळालं होतं. त्यांनी ग्वांगजूच्या त्या मे महिन्यावर कादंबरी लिहिली आहे. हेही त्यांनीच मला सांगितलं होतं, घरातल्या माणसाचं कौतुक सांगावं तसं.

मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला गावातली शाळा दाखवली, ते स्वतः शिकले ती. बंद झालेली. मुलंच नाहीत. 2023 साली कोरियात एका बाईमागं सरासरी 0.72 मूल जन्मलं. जगात इतका कमी आकडा कुठल्याच देशाचा नव्हता. घरांच्या किमती, क्लासचा खर्च, कामाचे तास आणि मूल झालं की बाईच्याच नोकरीवर येणारी गदा. त्यांचा तो परीक्षेचा मुलगा आता सोलमध्ये नोकरी करतो, चौतिशी उलटली, लग्नाचं नाव काढत नाही. “मी त्याला दोष देत नाही,” ते म्हणाले. त्यांनी फोन फिरवला. शाळेच्या मैदानात पाइनची रोपं आपोआप उगवून आली होती, कमरेइतकी उंच. डोंगरावरची झाडं खाली उतरून आली होती. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर असंही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. झाडं आहेत, त्यांच्या सावलीत खेळायला मूल नाही.

त्या माणसानं मला काम शिकवलं, लिपी शिकवली, माझ्या आजोबांपुढं माथा टेकला आणि त्यांच्या मनातला पंचावन्न-साठ वर्षांचा एक प्रश्न मिटवला. याची परतफेड पैशानं होत नाही, आणि त्यांनी ती घेतलीही नसती. मी एकच गोष्ट करू शकलो. माझी मुलगी 2014 ची, तात्या गेले त्याच वर्षीची. तिला मी हांगुल शिकवली, त्यांच्याच टॅगांवरून. दर पौर्णिमेला ती त्यांना फोन लावते. आजोबाला कोरियनमध्ये ‘हाराबॉजी’ म्हणतात. ग्वाजांगनिमना हाराबॉजी म्हणणारं जगात एकच मूल आहे, आणि ते पारनेर तालुक्यात राहतं.

पहिल्या वेळी तिनं मी शिकवलं तसं विचारलं, “बाप मॉगॉस्सॉयो?” ते हसले आणि हळूच चूक दुरुस्त केली. आजोबांना असं विचारत नाहीत. त्यांच्या जेवणाला शब्दच निराळा आहे, ‘चिन्जी’. जेवलास आणि जेवलात यांत फरक असतो तसा. आता ती बरोबर विचारते. परवा चुसॉकच्या पौर्णिमेला त्यांच्या मागं पाटावर आजीबाईंचा फोटो होता, आमच्या भिंतीवर तात्यांचा. तिनं नीट, पूर्ण आदरानं विचारलं. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग त्यांनी आमच्या आजीकडून शिकलेल्या मराठीत उत्तर दिलं, “जेवलो. तू जेवलीस का गं बाळा?”